बार्कली-शॅकची खेचाखेची : उगवत्या खेळाडूला घडवते की खच्ची करते?

फ्रीथ्रो_ताई
आमच्या माटुंग्याच्या ग्रुपवर शनिवारी संध्याकाळी एक जुनी क्लिप आली आणि त्यावरून रात्री दीड वाजेपर्यंत जुंपली. तिथे माझं बोलणं अर्धवट राहिलं, म्हणून इथे धागा काढतेय.

क्लिप बऱ्याच जणांनी पाहिली असेल. मे २०२४, डेन्व्हर, एनबीए म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या प्लेऑफमधला सातवा आणि निर्णायक सामना. मिनेसोटा टिम्बरवुल्व्ज एका क्षणी २० गुणांनी मागे होते. तिथून उठून त्यांनी गतविजेत्या नगेट्सना ९८-९० असं घरी पाठवलं. मुंबईत तो लोकसभेच्या मतदानाचा सोमवार होता. मी पहाटे साडेपाचला फोनवर मॅच लावली आणि ती संपल्यावर तशीच बोटाला शाई लावून घ्यायला गेले. सामना झाल्यावर २२ वर्षांचा अँथनी एडवर्ड्स टीएनटी वाहिनीवरच्या 'इनसाइड द एनबीए' कार्यक्रमाच्या स्टुडिओतल्या मंडळींशी बोलत होता. त्यातला एक, जुना स्टार खेळाडू चार्ल्स बार्कली, त्याला म्हणाला की मी वीसेक वर्षांत मिनेसोटाला फिरकलेलो नाही. पोराने श्वासही न घेता जे उत्तर दिलं त्याचं मराठी एवढंच : "मग उचल बूड आणि ये." दोन दिवसांत मिनेसोटाभर तीच घोषणा झाली. राज्याच्या पर्यटन खात्याच्या पानावर नेणारा वेबपत्तासुद्धा त्याच शब्दांचा निघाला.

ग्रुपवर एका बाजूचं म्हणणं, हीच खरी मजा, बार्कलीसारखे लोक नव्या पोरांना मोठं करतात. दुसरी बाजू म्हणते, स्टुडिओत खुर्चीवर बसून चालू खेळाडूंची टर उडवणं हा धंदा झालाय आणि त्यात खेळ बाजूला राहतो. मला दोन्ही पटतं आणि दोन्ही पटत नाही. तुमचं काय?

पहाटेचा_प्रवासी
पहिल्या बाजूला माझं मत. मी रोज ६.१२ च्या लोकलमध्ये उभ्याने मॅच बघणारा माणूस आहे आणि मॅचइतकाच तो कार्यक्रम मला आवडतो. बार्कलीने एडवर्ड्सला टोचलं नाही, त्याला फुलटॉस टाकला. त्या रात्री पोराचे २४ पैकी फक्त ६ शॉट आत गेले होते, १६ गुण. कोणी वाईट वागायचं ठरवलं असतं तर धुवायला तेवढं पुरे होतं. त्याऐवजी त्याला जगासमोर षटकार मारू दिला.

आकडेबाज
थोडी भर. बार्कलीचं "वीस वर्षं" हवेतलं नव्हतं. मिनेसोटा त्याआधी २००४ साली कॉन्फरन्स फायनलला (लीगच्या अंतिम फेरीआधीची फेरी) पोचलं होतं, केव्हिन गार्नेटच्या काळात. मधली वीस वर्षं प्लेऑफच्या त्या टप्प्यासाठी तिथे जायचं कुणाला कारणच नव्हतं. म्हणजे टोमणा संघाच्या दुष्काळाला होता आणि तो दुष्काळ एडवर्ड्सनेच त्या रात्री संपवला होता. म्हणून त्याला एवढं चोख उत्तर देता आलं. पुढे डॅलसने त्यांना ४-१ हरवलं, पण तो भाग वेगळा.

नागपाडा_जुना
मी नागपाड्यात वाढलो. आमच्या इथे बास्केटबॉल शिकवायला कोच नंतर यायचा, आधी कट्टा शिकवायचा. नेबरहूड हाऊस म्हणा, मस्तान वायएमसीए म्हणा, कोर्टच्या कडेला बसलेल्या म्हाताऱ्यांची जीभ फार तिखट. लेअप चुकला की हिंदी, मराठी, इंग्रजी, उर्दू, चारही भाषांत उद्धार. अब्बास मुंतसिर याच वस्तीतले, भारताचे कप्तान झाले, १९७० चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. त्यांच्या गोष्टी ऐकवून हे लोक आम्हाला सोलायचे : "त्यांनी एवढं केलं, तू साधा डाव्या हाताने टाकू शकत नाहीस?" मी डाव्या हाताने टाकायला शिकलो तो त्या रागापोटी. जो कट्टा झेलू शकत नाही तो नॅशनलचं प्रेक्षागृह काय झेलणार?

सेंटरची_आई
नागपाडा_जुना, तुम्ही शिकलात. पण जे शिकले नाहीत आणि कोर्ट सोडून गेले ते आज इथे प्रतिसाद द्यायला नाहीत. त्यांचं कोण मोजतं?

एडवर्ड्सचं उदाहरण सोपं आहे. अवघड उदाहरण घ्या, जावेल मगी. बार्कलीचा कार्यक्रमातला जोडीदार, माजी खेळाडू शॅकिल ओनील उर्फ शॅक याने २०११ पासून आठवड्याच्या चुकांचा एक विनोदी विभाग चालवला आणि त्यात वर्षानुवर्षं मगी. चुकलेला डंक, उलट दिशेला धावणं, सगळं गाण्याबजावण्यासकट. मगी काही एडवर्ड्ससारखा नवोदितांच्या वार्षिक निवडीत (ड्राफ्टमध्ये) पहिल्या क्रमांकाने निवडलेला तारा नव्हता. अशा खेळाडूबद्दल लोकांना एकच गोष्ट माहीत असेल आणि ती त्याची फजिती असेल, तर पुढचा संघ त्याला घेताना काय विचार करेल?

आकडेबाज
मगीची तारीखवार हकीगत अशी. फेब्रुवारी २०१७ मध्ये दोघांची समाजमाध्यमावर उघड जुंपली. मगीची आई पामेला मगी, स्वतः १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमधली सुवर्णपदक विजेती, मुलाच्या बाजूने उभी राहिली. मगीचा संघसहकारी केव्हिन ड्युरंटने शॅकला त्याच्याच चुकलेल्या फ्रीथ्रोंची (फाउलनंतर मिळणारे मोकळे शॉट) आठवण करून दिली. (शॅकची कारकिर्दीतली फ्रीथ्रोची सरासरी ५२.७ टक्के, म्हणजे दोनातला एक जेमतेम.) त्या दोघांच्या वॉरियर्स संघाने वाहिनीशी बोलणं केलं. आणि शेवटी शॅकनेच सांगितलं की आता बास, माझ्या आईने मला थांबायला सांगितलंय.

मगीने त्याच वर्षी विजेतेपद मिळवलं, २०१८ ला पुन्हा, २०२० ला लेकर्सबरोबर तिसरं. टोकियोत सुवर्णपदक. म्हणजे त्या घरात आई आणि मुलगा दोघांकडेही बास्केटबॉलचं ऑलिंपिक सुवर्ण आहे.

पहाटेचा_प्रवासी
मग झालं की! टिंगल झाली आणि तरी विजेतेपदाच्या तीन अंगठ्या मिळाल्या.

सेंटरची_आई
'तरी' मिळाल्या, 'त्यामुळे' नाही. एवढंच म्हणतेय.

बाकावरचा_बारावा
मी कॉलेजच्या संघात तीन वर्षं बेंचवर होतो, म्हणून मगीबद्दल बोलतो. तारा खेळाडू चुकला की लोक दुसऱ्या मिनिटाला विसरतात, कारण पुढच्या बॉलला तो तीन गुण टाकतो. बेंचवरच्याला मिळतात मॅचमधली चार मिनिटं. त्यात एक चूक झाली की त्या दिवसापुरता तो माणूस म्हणजे ती चूक. तिची क्लिप कोणी बनवली तर दिवसापुरतं नाही, वर्षभर. सतनाम सिंगचं आठवा. पंजाबातल्या बल्लो के गावचा पोरगा, चौदाव्या वर्षी अमेरिकेत गेला, २०१५ मध्ये डॅलसने ५२ व्या क्रमांकावर निवडला. एनबीएने निवडलेला भारतात जन्मलेला पहिला खेळाडू. प्रत्यक्ष सामना खेळायला मिळाला नाही, तर आपल्याच लोकांनी "नुसती उंची, खेळ कुठाय" म्हणून त्याला किती छळला. ज्यांनी आयुष्यात रिंगखाली उभं राहून पाहिलं नाही, ते.

निवृत्त_पंच
याओ मिंगचा विषय अजून कोणी काढला नाही म्हणून लिहितो. माझ्या मते या धाग्याचं उत्तर तिथे आहे.

२००२ मध्ये ह्यूस्टनने याओला पहिल्या क्रमांकाने घेतलं. पहिल्या सामन्यात भोपळा, शून्य गुण. बार्कलीने कार्यक्रमात सहकारी केनी स्मिथशी पैज लावली की हा पोरगा एका सामन्यात १९ गुण करू शकला तर मी तुझ्या पार्श्वभागाचा मुका घेईन. १७ नोव्हेंबरला याओने लेकर्सविरुद्ध ९ पैकी ९ शॉट टाकून २० गुण केले. केनीने पैज वसूल करायला स्टुडिओत गाढव आणलं आणि बार्कलीने सगळ्या देशासमोर त्या गाढवाचा मागून मुका घेतला. मी त्या प्रकाराला खेळकर म्हणेन. पैज लावली, हरला, तोंड लपवलं नाही.

त्याच सुमारास शॅकने याओबद्दल बोलताना चिनी भाषेची नक्कल म्हणून तोंडाने वेडेवाकडे आवाज काढले होते. त्यावरून पुढे बराच गदारोळ झाला. याओ शांतपणे म्हणाला की चिनी अवघड भाषा आहे, लहानपणी मलाही जड गेली. मोठा माणूस. २०१६ मध्ये दोघे एकाच दिवशी हॉल ऑफ फेममध्ये गेले.

पहिल्या प्रकारात बार्कली याओच्या खेळावर बोलला, आणि खेळानेच त्याला खोटं पाडता आलं. दुसऱ्यात याओने करायचं काय होतं? चिनी असणं सोडायचं? २० गुण काढून ते पुसता येत नाही.

फ्रीथ्रो_ताई
पंचकाका, हे नेमकं बोललात. थांबा, मी यावर लिहिणार आहे.

दादर_पूर्व
हल्लीची पोरं फार नाजूक झालीत. विषय संपला.

फ्रीथ्रो_ताई
दादर_पूर्व, विषय संपलेला नाही. मी जे सांगायचं टाळत होते ते आता सांगते.

शनिवारी सकाळी उपनगरातल्या एका मैदानावर १६ वर्षांखालच्या मुलींची स्पर्धा होती. स्पर्धेचं नाव लिहीत नाही. आमच्या संघातली सेंटर (रिंगजवळ खेळणारी उंच खेळाडू) पंधरा वर्षांची आहे, उंची पाच फूट अकरा. दोन वर्षांपूर्वी आली तेव्हा बॉल हातात धरायला घाबरायची. आज मुंबईत तिच्या वयात तिच्यासारखं रिबाउंडला (शॉट चुकून उडालेला बॉल पकडायला) जाणारी मुलगी मला दुसरी माहीत नाही. बॉल रिंगवर आपटायच्या आधी तिचा पाय वळलेला असतो.

टेबलाजवळ माईक घेऊन एक मुलगा बसला होता. गुण, फाउल, टाइमआऊट सांगायचं त्याचं काम. पहिल्या क्वार्टरमध्ये त्याने सुरुवात केली : "विजेचा खांब आला, सांभाळा." लोक हसले. मग, "वर हवा कशी आहे विचारा तिला, पाऊस कधी येणार?" अजून हसले. दुसऱ्या क्वार्टरमध्ये तिच्या हातात बॉल गेला की प्रत्येक वेळी काहीतरी. तिचं नाव त्याने एकदाही घेतलं नाही.

हाफटाइमला तिच्या नावावर नऊ रिबाउंड होते. त्यानंतर एक. मी आधी समजले थकली. मग माझ्या लक्षात आलं की ती गुडघे वाकवून आणि खांदे पाडून उभी राहतेय. डिफेन्सचं वाकणं नव्हे ते. ती कमी उंच दिसायचा प्रयत्न करत होती. शॉट गेला की हात वरच करत नव्हती. मी टाइमआऊट घेतला, विचारलं, काय झालं. म्हणाली, "काही नाही ताई." आम्ही सहा गुणांनी हरलो. हरण्याचं मला काही नाही.

संध्याकाळी घरी आले तर ग्रुपवर ती एडवर्ड्सची क्लिप आणि खाली सगळे : 'चेष्टेने खेळाडू घडतो'. म्हणून भांडले.

सेंटरची_आई
ताई, वाचून घशाशी आलं. माझी मुलगी पाच-दहा आहे. लग्नकार्यात गेलो की हमखास कोणीतरी म्हणतं, "हिला नवरा कुठून आणणार?" फोटोत तिला मागे उभी करतात, ती आपण होऊन मान वाकवते. तुमच्या माईकवाल्याने नवीन काहीच केलं नाही. घराघरातलं वाक्य लाऊडस्पीकरवरून म्हटलं. आमच्या मुलींना एकच जागा होती जिथे उंच असणं चांगलं होतं. तिथेही हेच.

नागपाडा_जुना
ताई, मी वर जे लिहिलं ते मागे घेत नाही, पण त्यात एक गोष्ट सांगायची राहिली आणि ती आता महत्त्वाची वाटते.

आमच्या कट्ट्याचा एक कायदा होता. कुणी बोलला तर त्याला तुम्ही म्हणू शकत होता, "ये ना मग खाली." आणि त्याला यावं लागायचं. पन्नाशीचा असो, लुंगीत असो, चप्पल काढून कोर्टवर उतरायचा आणि टाकून दाखवायचा. टाकला तर आपण गप्प. चुकला तर अख्खा कट्टा त्याच्यावर. जे उतरायला तयार नसायचे त्यांना बोलायचा हक्क नव्हता, बाकीचेच त्यांना गप्प करायचे. एडवर्ड्स बार्कलीला काय म्हणाला? तेच तर म्हणाला. "उचल बूड आणि ये."

तुमची मुलगी त्या माईकवाल्याला "ये ना खाली" म्हणू शकत होती का?

निवृत्त_पंच
नव्हती. मी तीस वर्षं शिट्टी वाजवली आहे, नियम सांगतो. पंच, टेबलावरचे अधिकारी किंवा समोरचा संघ यांच्याशी खेळाडू अनादराने बोलला, किंवा प्रेक्षकांना चिथावेल असं काही केलं, तर टेक्निकल फाउल. समोरच्यांना एक फ्रीथ्रो. दुसरा टेक्निकल झाला की खेळाडू सामन्याबाहेर. माईकवाला टेबलापाशीच बसतो. पंधरा वर्षांच्या मुलीने तिकडे वळून आवाज चढवला असता तर दहातल्या नऊ पंचांनी टेक्निकल दिला असता, कदाचित मीही. आणि माईकवाल्यासाठी असला कोणताही फाउल नाही. सामना थांबवून त्याला ताकीद देता आली असती, ते पंचांनी करायला हवं होतं. केलं नाही ही माझ्या जमातीची चूक.

पहाटेचा_प्रवासी
हे टेक्निकलचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी माझं मत थोडं बदलतो. एडवर्ड्सच्या कानाला स्टुडिओचा आवाज होता आणि तोंडासमोर माईक. तो बरोबरीचा सामना होता.

पण मग डोनोव्हन मिचेलचं काय म्हणाल? जानेवारी २०२१. पोराने ३६ गुण करून युटाला सामना जिंकून दिला आणि मुलाखतीत शॅक त्याला म्हणाला, तू माझा आवडता आहेस, पण पुढच्या पायरीवर जायला जे लागतं ते तुझ्यात नाही, मी हे मुद्दाम बोलतोय, तुझं काय म्हणणं? मिचेल फक्त "बरं" म्हणाला. इथे माईक दोघांकडे होता. तरी मला ते बघवलं नव्हतं.

आकडेबाज
कारण ती चेष्टा नव्हतीच. निकाल होता. चेष्टेत समोरच्याला परतवायला काहीतरी दिलेलं असतं. "तुझ्यात नाही" हे परतवणार कसं? पुढची पाच वर्षं खेळूनच. मिचेलचं ते "बरं" मला आजही त्या कार्यक्रमातलं सगळ्यात भारदस्त उत्तर वाटतं.

परळ_कबड्डी
मी बास्केटबॉलवाला नाही, धागा वाचता वाचता थांबलो. आमच्या लालबाग-परळच्या कबड्डीत समालोचक कर्ण्यावरून खेळाडूची खेचायचा तेव्हा लोक त्याच्यासाठी म्हणून यायचे. पण त्याला प्रत्येक पोराचं नाव, चाळ, बापाची गिरणी कुठली होती, सगळं पाठ. "अमक्या चाळीतला वाघ निघाला, बघू परत येतो का" असं म्हणायचा. पोरगा पकडला गेला तर "वाघाला आज उपास" म्हणायचा, आणि सुटून आला तर त्याच आवाजात डोक्यावर घ्यायचा. खेळाडू नंतर त्याच्याच घरी चहाला. ताईंच्या माईकवाल्याला मुलीचं नावसुद्धा माहीत नव्हतं, मला तीच मोठी गोष्ट वाटते.

कट्टा_नंबर_चार
बार्कलीची स्वतःची गोष्ट इथे यायला हवी. १९८४ साली तो फिलाडेल्फियाला आला तेव्हा वजन जवळजवळ तीनशे पौंड. कॉलेजपासून लोक त्याला 'राउंड माउंड ऑफ रिबाउंड' म्हणायचे. खेळायला पुरेसा वेळ मिळेना तेव्हा त्याने संघातल्या मोझेस मलोनला विचारलं, असं का? मलोन म्हणाला, तू जाडा आहेस आणि आळशी आहेस. मग त्याने दहा पौंड कमी करायला सांगितले. ते झाले की आणखी दहा. बार्कली हे स्वतः अनेकदा सांगतो आणि मलोनला बापासारखा मानायचा. १९८६-८७ ला सबंध लीगमध्ये रिबाउंडची सरासरी सगळ्यात जास्त त्याची, आणि १९९३ ला एमव्हीपी, म्हणजे मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू.

शब्द किती कडवट होते बघा. पण मलोनने ते दोघांतच सांगितले, टीव्हीवर नाही, आणि सांगून निघून गेला नाही, पोराचं वजन उतरेपर्यंत मागे उभा राहिला. बार्कलीला विजेतेपद कधी मिळालं नाही, चार अंगठ्यांचा शॅक आणि दोन अंगठ्यांचा केनी रोज त्यावरून त्याला चिडवतात. तो हसून घेतो. म्हणून त्याला बोलायचा हक्क आहे असं मला वाटतं.

दादर_पूर्व
फ्रीथ्रो_ताई, मी काल घाईत लिहिलं. तुम्ही नंतर लिहिलेलं वाचून मला वाईट वाटलं. मुलगी कशी आहे?

संपादक_मंडळ
धागा चांगला चालू आहे. स्पर्धा कोणती, तो मुलगा कोण, याची विचारपूस करणारे दोन प्रतिसाद काढले आहेत. पुन्हा विचारू नये.

फ्रीथ्रो_ताई
सगळ्यांचे आभार. दादर_पूर्व, तुमचे विशेष.

काल आमचा दुसरा सामना होता. मी तासभर आधी गेले आणि त्या माईकवाल्या मुलाला गाठलं. वीस-एकवीसचा असेल. मी रागानेच गेले होते. तो आधी म्हणाला, "ताई, सगळे हसत होते." मग म्हणाला की तो शॅकच्या क्लिपा बघतो, त्याला वाटलं माईकवर असंच करायचं असतं, नाहीतर लोक कंटाळतात. मी त्याला विचारलं, तुला आमच्या सेंटरचं नाव माहीत आहे? नव्हतं. त्याच्यासमोरच्या कागदावर नुसते जर्सी नंबर होते. मी दोन्ही संघांची नावं लिहून दिली. त्याने दोन आडनावांचे उच्चार विचारून घेतले. मला तो मुलगा वाईट वाटला नाही. मी पंचांशीही बोलले.

सामन्यात तो नावं घेत होता. एकदा म्हणाला, "बोर्डवरचा बॉल पुन्हा तिचाच," आणि पुढे तिचं पूर्ण नाव, आडनावासकट. तिने मान वर करून टेबलाकडे पाहिलं, लगेच खाली घातली. पाच रिबाउंड. जिंकलो, पण तिच्यामुळे नाही. खांदे अजून पडलेलेच आहेत. घरी निघताना तिने मला विचारलं, "ताई, माझी उंची अजून वाढेल का?" वाढावी म्हणून विचारत होती की वाढू नये म्हणून, मला कळलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही.

नागपाडा_जुना
तिला आमच्याकडे घेऊन या. म्हातारे कमी झालेत, पण आहेत. सगळ्यांना खाली उतरवतो.

सेंटरची_आई
मी माझ्या मुलीला आणते. दोघी एकत्र उभ्या राहिल्या तर बरं होईल.

फ्रीथ्रो_ताई
नक्की. गुरुवारी संध्याकाळी सहा ते आठ, माटुंग्याला आमची प्रॅक्टिस आहे, फक्त रिबाउंडची. तुमच्या ओळखीत सहा फुटांच्या वरचं कोणी खेळणारं असेल, मुलगा, मुलगी, काका, कोणीही, तर त्यांना घेऊन या. दोन तास तिला स्वतःपेक्षा उंच माणसांवरून बॉल काढायचाय, म्हणजे मान वर करावीच लागेल. पाण्याच्या बाटल्या आणि बुटं आपापली आणा, कोर्टवर परवाच्या पावसाने थोडं शेवाळं आहे, मी पाचला जाऊन घासून ठेवते.